ताटांवर घातलेली नावं

जाड चादर पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं भावोजींच्या. अर्धे कपडे दोरीवर, अर्धे अजून बादलीत. तेवढ्यात वन्सं आल्या. मागच्या दाराने, ओल्या फरशीवरून, ताणलेल्या चादरीखालून वाकून सरळ आमच्या मधोमध. हातात कागदांची चळत. वरच्या कागदावर ठळक छापलं होतं, ‘आपलं सैन्य परत आणा.’

“पहिली सही तुझी,” त्या भावोजींना म्हणाल्या. “पहिली ओळ मोकळी ठेवलीय बघ. मास्तर म्हणाले, तिथे जाऊन आलेल्याची सही वर असली की खालच्या सगळ्यांना वजन येतं.”

भावोजींनी टोक सोडलं नाही, पण पीळ देणं थांबलं. “हात ओले आहेत, ताई.”

“मग पूस.”

“चार दिवस दे मला.”

“चार दिवस? अरे, सही मागतेय, मूत्रपिंड नाही मागत!”

भावोजींनी चादरीला पुन्हा पीळ द्यायला घेतला. वन्संनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, जणू मीच काही शिकवलं होतं, आणि आल्या तशा चादरीखालून निघून गेल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा तिथे, युद्धावर, सैन्याची लॉरी चालवतो. ज्या ठाण्यावर भावोजी चार वर्षं आचारी होते, त्याच ठाण्यावर.

मी रोजचं वहीत लिहिते, पण भावोजींविषयी त्यात फारसं नाही. घरातल्या माणसाचं कोण लिहितं! मी लग्न होऊन आले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते, आणि मला पहिला प्रश्न विचारला तो असा: “वहिनी, तू मीठ आधी घालतेस की नंतर?” शाळेत सतराच्या पाढ्याला अडले ते अडलेच. एकोणिसाव्या वर्षी सैन्यात गेले. शिकाऊ जवानांच्या तळावर एका दुपारी आचारी आजारी पडला, भावोजींनी डाव हातात घेतला, आणि तो पुढे बावीस वर्षं सुटला नाही. बंदूक वर्षातून एकदा पुसायला घ्यायचे. लग्नाचं काढलं की म्हणायचे, “तीनशे जणांचा संसार आहे वहिनी, आणखी एकीला कुठल्या पंगतीला बसवू?” शेवटची चार वर्षं त्या दूरच्या युद्धावर गेली. एकदा जवळच गोळा पडला आणि उकळतं पातेलं उजव्या पायावर आलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कातडी गेली. दोन वर्षांपूर्वी परतले. मागच्या खोलीत राहतात. आम्ही नवराबायको नि ते, एवढ्या तिघांचा स्वयंपाक त्यांना अजून जमत नाही. चाळीस जणांचा होतो, मग भांडं घेऊन गल्लीभर वाटत फिरतात. गल्ली त्यांना सेनापती म्हणते. “काय सेनापती, आज कुणाशी लढाई?” असं कुणी विचारलं की म्हणतात, “बटाट्यांशी. शरण येत नाहीत.”

युद्धाला आता नववं वर्ष आहे. ते का सुरू झालं हे सांगणारे पहिल्या वर्षी पुष्कळ होते. आता एकही उरला नाही. गेल्या थंडीत पाववाल्याचा मोठा मुलगा पेटीतून आला. पेटी उघडू दिली नाही. पाववाला तिच्यावर हात ठेवून विचारत होता, “वजनाला एवढी हलकी कशी?” तेव्हापासून गल्लीत या विषयावर दोन मतं नाहीत. पोरांना परत आणा. मीही रोज देवापुढे बसून तेच मागत होते, वन्संच्या मुलाचं नाव घेऊन.

म्हणून भावोजी सही करत नाहीत हे कळल्यावर गल्लीचं तोंड बंद राहणं शक्य नव्हतं. भाजीवाली मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, “चूल पेटती राहिली तरच आचाऱ्याला मान. विझली की कोण विचारतंय!” भावोजी तिच्याकडूनच बटाटे घेत होते. त्यांनी दोन किडके बाजूला काढले, उरलेले पिशवीत घातले आणि घरी आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते बटाटे सोलायला बसले तेव्हा मी समोर पाट घेऊन बसले. “भावोजी, मला तरी सांगा.”

त्यांचं साल एकसंध उतरतं, तुटत नाही. त्या दिवशी तुटलं.

“वहिनी, भांड्यावर नाव घालतात ना, ठोकून ठोकून, टिंबांटिंबांनी? तसं मी तिथे केलंय.”

मग त्यांनी सांगितलं. ठाण्यावर जवळच्या तीन गावांतली माणसं कामाला यायची. पाणी ओढणारे, लाकडं फोडणारे, धोबी, दोन दुभाषी, धान्य निवडणारी एक म्हातारी. एकूण एकोणीस. सैनिकांची पंगत उठली की ती जेवायची, डब्यांच्या झाकणात.

“माझ्या भटारखान्यात माणूस झाकणात जेवतो, हे मला बघवेना. कोठारातून एकोणीस जुनी ताटं मिळवली. पण त्यांची आपसांत बदलाबदल व्हायची, त्यावरून कुरबुर. म्हटलं, नावं घालून टाकू. पहिलं धोब्याचं केलं. मग कळलं, त्याच नावाचे चौघं आहेत! तेव्हा पुढच्या सगळ्यांवर नावाखाली बापाचं नाव, त्याखाली गाव. त्यांच्याच लिपीत हं. दुभाषी खडूने लिहून द्यायचा, मी खिळ्याने वरून ठोकायचो. एका ताटाला एक संध्याकाळ. म्हातारीनं तिच्या ताटावर बोट फिरवलं आणि विचारलं, ‘ही मी?’ नाव झाकलं जाईल म्हणून कडेकडेनंच वाढून घ्यायची ती.”

“चांगलंच केलंत की.”

“तेव्हा सगळे तेच म्हणाले.” त्यांनी बटाटा पाण्यात टाकला. “मागच्या महिन्यात आपल्या सैन्यानं आमच्या ठाण्याशेजारचं ठाणं सोडलं. पायाची पट्टी बदलायला गेलो होतो ना, तिथे त्या ठाण्यावरचा एक जण भेटला. निघायच्या गडबडीत फाटकावरच्या पासांची पेटी मागे राहिली म्हणाला. कामाला येणाऱ्यांचे फोटो होते त्यात. नंतर शत्रूचे लोक आले त्यांना ती सापडली. घरोघर फिरले फोटो घेऊन. सात जण गेले, वहिनी. फोटोवरून शोधायला निदान वेळ लागतो. माझ्या ताटांवर तर बापाचं नाव आहे.”

चुलीवर दूध उतू गेलं तरी मी उठले नाही.

“म्हणजे युद्ध चालूच राहू दे म्हणता?”

“नाही!” एवढ्या मोठ्यांदा ते घरात कधी बोलले नव्हते. “पाववाल्याच्या पोराला तिथे पहिल्या दिवशी मीच जेवू घातलं होतं. उद्या थांबणार असेल तर आज थांबावं. पण त्या कागदावर ‘परत या’ एवढंच आहे. मागे राहतात त्यांचं एक अक्षर नाही. मला एक ओळ हवीय, बस. आपल्यासाठी राबले त्यांनाही बाहेर काढा, अशी.”

ती ओळ मागायला आम्ही दोघं मास्तरांकडे गेलो. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, सह्यांचं सगळं तेच बघतात. वाईट माणूस नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“सेनापती, तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच घालता येत नाही. ती ओळ घातली की पहिला प्रश्न, त्यांना आणून ठेवायचं कुठे? त्यावर वाद, मग सह्या अडकणार. तिथे रोज आपली दोन पोरं जातात. तुमच्या ओळीपायी दहा दिवस गेले तर वीस. माझा हिशेब चुकतोय का?”

“नाही मास्तर. हिशेब बरोबर आहे. त्यात माझे एकोणीस कुठे धरलेत, तेवढं दाखवा.”

मास्तर चष्मा पुसत राहिले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. शेवटी म्हणाले, “चहा घेता का?”

वन्संना सगळं सांगितलं ते मी. वाटलं, आई आहे, तिला कळेल. त्या सुनेसाठी आणून ठेवलेल्या चादरी ट्रंकेत पुन्हा पुन्हा घड्या करून ठेवत होत्या. सून अजून ठरायची आहे.

“ताटं?” त्या म्हणाल्या. “ताटांसाठी माझं पोर तिथे सडू दे?”

“ताटांसाठी नाही हो वन्सं, माणसांसाठी.”

“माझं माणूस एकच आहे.” त्यांनी ट्रंक लावली. मग थोड्या वेळाने आपणच म्हणाल्या, “नावंच पुसायची आहेत ना? रविवारी त्याचा फोन येतो. पाच मिनिटं मिळतात. त्यातलं एक मिनिट देते मी माझ्या भावाला. सांगू दे भाच्याला, कानस घे आणि घासून टाक म्हणावं. पण आधी सही.”

पत्र पाठवायचा विचार भावोजींनी केव्हाच सोडला होता. पत्राला दीड महिना लागतो, वाटेत उघडून वाचतात, आणि असलं पत्र भलत्याच्या हाती पडलं तर ते ताटांपेक्षा वाईट. तेव्हा उरलं ते वन्संचं एक मिनिट. भावोजी शनिवारी गेले आणि सही करून आले. पहिल्या ओळीत नाव, हुद्द्याच्या रकान्यात ‘आचारी’. घरी येऊन मला म्हणाले, “नावं पुसली गेली की मग कुणाचंच नुकसान नाही. ताई पण सुखी, ते पण सुखी.” त्या दिवशी जेवण पन्नास जणांचं झालं.

रविवारी आम्ही वन्संकडे फोनभोवती बसलो. आवाज मोठा ठेवला होता. चार मिनिटं वन्संची. मानेवरचं गळू बसलं का, मोजे पोचले का, झोप लागते का. “आई, इथे झोपायला सांगावं लागत नाही, उठायला सांगावं लागतं,” असं तो म्हणाला आणि त्या एवढ्यावर हसून हसून रडल्या. मग त्यांनी शब्द पाळला आणि फोन पुढे केला.

“मामा! तुझ्यानंतर इथे डाळीत डाळ शोधावी लागते रे!”

“ऐक. वेळ नाही. भटारखान्याच्या भिंतीला ताटं टांगलीत बघ, खिळ्यांना. कोठारातून एक कानस घे आणि—”

“ती? ती कुठे आता! नव्या साहेबांनी सगळी नवी मागवली. जुनी ज्याची त्याला देऊन टाकली. मोठा कार्यक्रम केला, मामा! म्हातारी तर ताट डोक्यावर घेऊन गेली. सगळ्यांनी घरी भिंतीवर लावलीत म्हणे. मागे आपल्या सैन्याचा शिक्का आहे ना, त्याचं फार कौतुक त्यांना.”

भावोजींचं तोंड उघडंच होतं.

“मामा? येतंय का ऐकू?”

“येतंय.”

“का विचारलंस रे?”

“काही नाही. जेवतोस ना वेळेवर?”

तो हो म्हणाला की नाही ते कळलं नाही. फोन कापला गेला.

पुढचे दिवस लवकर गेले. आमच्यासारखे कागद चाळीस शहरांतून गेले होते. रेडिओवर बातमी आली की पुढच्या महिन्याच्या एक तारखेला शेवटचा सैनिक निघणार. गल्लीत माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. पाववाल्याने दुकान बंद केलं आणि आतून कडी लावून घेतली. भाजीवालीने भावोजींच्या पिशवीत न मागता कोथिंबीर टाकली, “पहिली सही सेनापतींची!” मी देवापुढे बसले. मागितलं ते मिळालं होतं. हात जोडले, आणि आभार मानायला शब्द आठवेनात. मी एका मुलाचं नाव घेऊन मागत होते तेव्हा त्याच मागण्यात एकोणीस घरं उघड्यावर पडत होती. मला ठाऊक नव्हतं हे खरं, पण तिसऱ्या दिवसानंतर ठाऊक होतं, आणि तरी मी मागणं बदललं नाही. हे देवाला सांगितलं. त्याच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नाही.

काल पुन्हा रविवार. फोनच्या आधी अर्धा तास भावोजी वन्संकडे गेले. मी बरोबर होते.

“ताई, एक निरोप आहे. तीन गावांत सांगायचं, ताटं पुरून टाका म्हणून.”

“कुणाबरोबर पाठवणार तो निरोप?”

“आता बाहेरच्यांना ठाण्यात घेत नाहीत. कुणीतरी कुंपणाबाहेर जायला हवं. दोन मैल.”

वन्संनी हातातलं फडकं खाली ठेवलं. “अकरा दिवस राहिलेत. नऊ वर्षं झाली, अकरा दिवस राहिलेत, आणि तू माझ्या पोराला कुंपणाबाहेर धाडणार?”

“मी गेलो असतो.”

“तू गेला असतास, माहीतेय. आणि तू सांगितलंस तर तोही जाईल. तेच तर! तुझाच भाचा आहे तो, मेला!” त्यांचा आवाज फाटला. “नाही म्हणाला असता तर मी खुशाल सांगू दिलं असतं तुला.”

भावोजी फोनकडे बघत उभे राहिले. दुखरा पाय त्यांनी सवयीने जरा उचलून धरला होता. मग फोन वाजला.

“नाही सांगत, ताई,” ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

वन्सं पाचही मिनिटं बोलल्या. कुठल्या गाडीने येशील, पडदे धुतलेत, तुझी सायकल तशीच आहे. फोन ठेवला आणि बाहेर येऊन भावाच्या शेजारी बसल्या. दोघांत एक माणूस बसेल एवढं अंतर होतं. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मी आतच थांबले.

आज सकाळी भावोजी काही मार्ग आहे का विचारायला परराष्ट्र खात्याच्या कचेरीत गेले. तिथे असा फॉर्म आहे म्हणे, आपल्या सैन्यासाठी काम केलेल्यांना इकडे आणण्याचा. कुणी सांगितला नव्हता, मास्तरांनाही माहीत नव्हता. माणशी एक फॉर्म. नाव, बापाचं नाव, गाव, काम, आणि इथे कुणाच्या घरी उतरणार त्याचा पत्ता. एक रकाना रिकामा असला तरी खिडकीतून परत. गुरुवारी दुपारी खिडकी बंद होणार ती कायमची. खिडकीतल्या बाईने त्यांना एकोणीस फॉर्म मोजून दिले आणि वर म्हणाली, “काका, फॉर्म घेतला म्हणजे माणूस आलं असं धरून चालू नका हं.”

पत्त्यासाठी भावोजींनी यांना विचारलं. हे पेपर वाचत होते.

“एकोणीस माणसं?” यांनी विचारलं.

“माणसं किती ते माहीत नाही, दादा. घरं एकोणीस.”

यांनी पेपराची घडी घातली, खोलीभर नजर फिरवली. आमच्या दोन खोल्या आणि मागची एक. “पत्ता नीट लिही. पिनकोड विसरतोस नेहमी.”

जेवणाच्या टेबलावर भावोजी लिहायला बसले. दोन वर्षं झाली, पण नावं विचारावी लागली नाहीत. त्या लिपीतली अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, पण हाताला येतात. आधी टेबलावर बोटाने ठोकत जायचे, मग कागदावर उतरवायचे. खाली आपल्या अक्षरांत, ते सांगतील तसं, मी लिहीत होते. म्हातारीचा फॉर्म झाला, दोन्ही दुभाष्यांचे झाले. दुपार सरताना अठरा झाले.

एकोणिसावा धोब्याचा. त्याचं ताट पहिलं केलेलं, म्हणून त्यावर बापाचं नाव नव्हतंच. त्याच नावाच्या बाकीच्या तिघांच्या ताटांवर होतं, याच्या बापाचं कधी विचारलंच नाही. भावोजींनी डोळे मिटून खूप आठवून पाहिलं.

“त्याच्या ताटावर बाप नाही,” ते म्हणाले. “म्हणजे त्याला शोधणं त्यांनाही जरा जड जाईल. तेवढं बरं.”

“अठरा तर देऊन टाका,” मी म्हटलं.

“देणार. उद्याच तुझ्या हातून धाडतो, वहिनी. खिडकीत उभं राहायला जमेल ना?”

जमेल म्हटलं. खिडकीत उभं राहायला काय लागतं.

ठाण्याचं कोठार सांभाळणारा एक जण सहा महिन्यांपूर्वी परत आलाय. धोब्याकडे कपड्यांची गाठोडी तोच द्यायचा, त्याच्या घरीही एकदा गेला होता. त्याचं गाव इथून चार तासांवर. फोन लावला तर कुणी उचलत नाही. शेजारी म्हणतात, घरात आहे, पण दार उघडत नाही कुणाला.

उद्या सकाळी सहाच्या बसने भावोजी त्याच्याकडे जाणार आहेत, धोब्याच्या बापाचं नाव विचारायला.